टर्बो शेवटी घ्या: रोटरी इंजिनाच्या स्वस्त बदलाचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशातल्या जुन्या जपानी गाड्यांवर लेख आला. माझदा आरएक्स-७ मध्ये टर्बो रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरवर चालणारे) इंजिन थोडक्या पैशांत कसे बसवतात, यावर त्यात दोन परिच्छेद होते आणि शेवटी 'ही इंजिने मुळातच नाजूक' असा शेरा. शेरा चुकीचा आहे. त्याहून घातक आहे तो त्या दोन परिच्छेदांतला खर्चाचा क्रम: आधी मोठा टर्बो, मग मोकळा सायलेन्सर, मग एक बार बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब), आणि पैसे उरले तर बाकीचे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेत शिकायला-नोकरीला गेलेल्या मराठी मुलांच्या हाताशी अशा गाड्या सहज येतात. त्यांनी हा क्रम पाळला तर इंजिन फुटणार आणि दोष रोटरीच्या माथी बसणार. कमी पैशांत हे काम होते, नक्की होते. पण पैसा दुसऱ्या टोकाकडून खर्च करावा लागतो. आधी इंजिनाची तपासणी, मग पाणी, मग पेट्रोल, मग ठिणगी, मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. टर्बो सर्वांत शेवटी, आणि शक्यतो इंजिनाबरोबर आलेला मूळचाच.

नाजूकपणाची बदनामी जुनी आहे. जर्मनीच्या एनएसयू कंपनीची आरओ ८० ही रोटरी गाडी १९६७ साली आली आणि तिच्या सुरुवातीच्या इंजिनांची सीले लवकर झिजली. त्याच वर्षी हिरोशिमाच्या माझदाने कॉस्मो स्पोर्ट विकायला काढली. केनइची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ अभियंत्यांनी त्याआधी काही वर्षे हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या घराच्या, आतल्या ओरखड्यांशीच झुंज दिली होती. त्या ओरखड्यांना ते 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हणत. ओरखडे गेले, इंजिन टिकले, आणि १९९१ मध्ये चार रोटरची ७८७बी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. चोवीस तास पूर्ण जोरात चाललेल्या यंत्राला नाजूक म्हणता येत नाही. मात्र ते एका चुकीला क्षमा करत नाही, आणि ती चूक कोणती हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात दोन त्रिकोणी रोटर असतात. एका खोलीचे आकारमान ६५४ सीसी, दोन्हींचे मिळून १३०८. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीनदा फिरतो आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक रोटरवर एक स्फोट होतो. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरचा स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो. म्हणून १.३ लिटर हा आकडा वाचून १.३ लिटरच्या गाडीचा पेट्रोल पंप आणि रेडिएटर पुरेल असे समजू नये. हवा, पेट्रोल आणि उष्णता यांचा हिशेब २.६ लिटरच्या इंजिनाप्रमाणेच धरावा लागतो.

रोटरच्या प्रत्येक टोकाला एक एपेक्स सील असते. १३बी टर्बोमध्ये त्याची जाडी २ मिलिमीटर. खाली एक पातळ स्प्रिंग आणि जळत्या वायूचा दाब, एवढ्याच आधारावर ते भिंतीला टेकलेले असते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, ठिणगी फार आधी पडली किंवा आत येणारी हवा फार गरम झाली, की ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन इंजिनात ते खडखडाट करून इशारा देते आणि पिस्टन काही काळ मार सहन करतो. रोटरीत ते कानाला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि बूस्टवर असताना एकच जोरदार झटका बिडाच्या सीलचा तुकडा पाडायला पुरतो. तो तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर रेघ ओढत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाताना टर्बाइनची पातीही मोडतो. म्हणजे सील, रोटर, हाउसिंग आणि टर्बो, सगळे एका सेकंदात.

आता इंजिन कोणते घ्यावे. १९८५ ते १९९१ दरम्यानच्या एफसी या मॉडेलच्या आरएक्स-७ चे एका टर्बोचे १३बी हे कमी पैशांत करण्याजोगे इंजिन आहे. १९९१ नंतरच्या एफडी मॉडेलचे १३बी-आरईडब्ल्यू ताकदीने सरस, पण त्याचे दोन टर्बो पाळीपाळीने चालवायला व्हॅक्यूम नळ्यांचे आणि सोलेनॉइडांचे जाळे लागते. तीस वर्षांनी त्या नळ्यांचे रबर कडक झालेले असते आणि एक नळी निसटली तरी बूस्टचा सगळा क्रम बिघडतो. आरएक्स-८ चे रेनेसिस टर्बोसाठी घेऊच नये; त्याची एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटांत आहेत आणि कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, १०:१ आहे. नॉन-टर्बो एफसीच्या इंजिनावर टर्बो चढवायची कल्पनाही वरवर स्वस्त वाटते. त्या रोटरांचे कॉम्प्रेशन ९.४ किंवा ९.७ असते, टर्बोच्या रोटरांचे ८.५ किंवा ९.०. फरक लहान दिसतो, पण साध्या पंपाच्या पेट्रोलवर चुकीला उरणारी जागा त्यानेच संपते.

इंजिन सुटे घेण्यापेक्षा जपानमधून आलेला 'हाफ-कट', म्हणजे गाडीचा कापलेला पुढचा अर्धा भाग घ्यावा. त्यात वायरिंग हार्नेस, ईसीयू, एअरफ्लो मीटर, कॉइल, इग्नायटर, क्रँक अँगल सेन्सर, ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा), गिअरबॉक्स हे सगळे एकाच गाडीचे मिळते. सुटे इंजिन स्वस्त पडते खरे, पण नंतर एकेक सेन्सर आणि ब्रॅकेट शोधण्यात त्याच्याहून जास्त पैसा जातो. एफसीच्या दोन मालिका आहेत: १९८८ पर्यंतची सीरिज ४ आणि १९८९ पासूनची सीरिज ५. यांची सरमिसळ करू नये. एअरफ्लो मीटर वेगळा, थ्रॉटल सेन्सर वेगळा, ऑइल मीटरिंग पंप एकात यांत्रिक तर दुसऱ्यात विजेवरचा. रोटरांचे वजनही वेगळे, त्यामुळे काउंटरवेट (तोल साधणारे वजन) आणि फ्लायव्हील रोटरांच्या जोडीचेच लागतात. हलके रोटर आणि जड रोटरांचे काउंटरवेट अशी जोडी बसली तर थरथर सुरू होते आणि बेअरिंगे जातात.

पैसे देण्याआधी कॉम्प्रेशनचा दाब मोजायचा. विक्रेता 'चालू हालतीत' म्हणतो त्याला काही अर्थ नाही. रोटरीचा खास टेस्टर असेल तर उत्तम. नसेल तर साध्या कॉम्प्रेशन गेजमधला एकदिशा व्हॉल्व्ह काढून टाकावा, नाहीतर तो तीन खोल्यांतला सर्वांत चांगला आकडा धरून बसतो आणि बाकीच्या दोन लपवतो. इंजिन गरम, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडे, बॅटरी भरलेली. स्टार्टरने फिरवल्यावर काटा एका लयीत उड्या मारतो. लागोपाठच्या तीन उड्या म्हणजे एका रोटरच्या तीन बाजू. २५० आरपीएमला प्रत्येक उडी दर चौरस सेंटिमीटरला निदान ६ किलो हवी आणि तिन्हींमधला फरक १.५ किलोच्या आत हवा. नवे इंजिन साधारण ७ दाखवते. स्टार्टर हळू फिरत असेल तर आकडा कमी येतो, म्हणून आरपीएम मोजल्याशिवाय निकाल देऊ नये.

आकड्यांपेक्षा उड्यांची लय जास्त सांगते. तीनपैकी एक उडी खुजी आणि दोन चांगल्या असतील तर त्या बाजूचे साइड सील किंवा कॉर्नर सील गेले आहे. लागोपाठच्या दोन खुज्या आणि एक चांगली असेल तर त्या दोन खोल्यांमधले एपेक्स सील गेले, कारण एक एपेक्स सील दोन खोल्यांची सीमा राखते. तिन्ही सारख्याच पण कमी असतील तर इंजिन सर्वत्र झिजले आहे, किंवा पेट्रोलने तेल धुऊन गेले आहे. अशा वेळी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून, इंजिन फिरवून, पुन्हा मोजावे. आकडा वर आला तरी हुरळू नये. तेल काही वेळ खरे दुखणे झाकते.

मग टर्बो सोडवून दोन ठिकाणी डोकवावे. एक, टर्बाइनची पाती. त्यांना टवके असतील तर या इंजिनातून कधीतरी सीलचा तुकडा गेला आहे, विक्रेता काहीही सांगो. दुसरे, एक्झॉस्ट पोर्ट. शाफ्ट हाताने फिरवत प्रत्येक सील पोर्टसमोर आणायचे आणि लाकडी काडीने हलके दाबायचे. ते स्प्रिंगने परत वर आले पाहिजे आणि त्याची टोके शाबूत हवीत. शेवटी रेडिएटरच्या जागी पंप लावून पाण्याच्या वाटांत साधारण ०.९ बार दाब भरावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी प्लगच्या भोकातून पाण्याची वाफ किंवा थेंब आला तर आतली पाण्याची रबरी सीले गेली आहेत. असे इंजिन उघडावेच लागते, त्यामुळे किंमत तशीच ठरवावी. चालत्या गाडीत याच दोषाची खूण म्हणजे सुरू करताना पांढरा धूर आणि काही दिवसांनी कमी होणारे पाणी.

इंजिन खोलून बांधायचे ठरले तर मापे टाळू नयेत. साइड सील आणि कॉर्नर सील यांच्यातली फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर, बाजूच्या प्लेटांची झीज ०.१० मिलिमीटरच्या आत, शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.०४ ते ०.०७. सीले बदलून हाउसिंग तशीच वापरण्याचा मोह होतो, आणि क्रोम कडेपर्यंत शाबूत असेल तर तसे करायला हरकत नाही. प्लगच्या भोकाजवळ किंवा कडेला क्रोम उडाले असेल तर नवी सीले त्यावर टिकत नाहीत. बाजारात पोलादी एपेक्स सीले मिळतात; ती नॉकिंगने तुटण्याऐवजी वाकतात, पण हाउसिंग लवकर खातात. रोजच्या गाडीला माझदाची मूळ बिडाची सीलेच बरी, आणि मग ट्यूनिंगमध्ये नॉकिंग होऊ द्यायचे नाही, एवढी जबाबदारी घ्यायची.

बदलाच्या कामात जड भाग थोडे, पण दोन जागा अशा आहेत की जिथे अनुभवी मेकॅनिकही फसतो. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा असतो आणि तो ४० ते ५० किलोग्रॅम-मीटर टॉर्कने, थ्रेड-लॉक लावून घट्ट करावा लागतो. दुसरी जागा पुढच्या पुलीचा बोल्ट. तो ढिला करताना शाफ्ट मागे सरकला तर आतले थ्रस्टचे सुईबेअरिंग जागेवरून खाली घसरते आणि परत कसताना स्पेसरखाली चिरडते. इंजिन चालू होते, तेलात लोखंडाचा भुगा दिसू लागतो, आणि महिन्याभरात शाफ्ट जातो. म्हणून शाफ्ट मागच्या बाजूने पुढे ढकलून धरायचा आणि बोल्ट कसल्यावर एंड प्ले पुन्हा मोजायचा. नॉन-टर्बो गाडीत टर्बोचा गिअरबॉक्स घेतला तर प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलही जोडीचेच घ्यावे. मूळ बूस्टवर, क्लच एकदम न सोडता चालवली तर नॉन-टर्बो गिअरबॉक्स काही काळ तग धरतो. पैसे कमी असतील तर इथे थांबायला हरकत नाही.

इंजिन बाहेर असतानाच पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलाव्यात. इनटेक मॅनिफोल्डखाली, गरम इंजिनाच्या वर, जुनी फुएल रेल आणि तिच्यावर पल्सेशन डँपर नावाची डबी असते. तिचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ इंजिनावर गळते. आरएक्स-७ च्या अनेक आगी या डबीपासून लागल्या आहेत. डबी नवी तरी घ्यावी किंवा काढून तिथे बँजो बोल्ट तरी लावावा. नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या, '३० आर ९' दर्जाच्या घ्याव्यात. साध्या कार्बोरेटरच्या नळीने इथे भागत नाही. इंजिन गाडीत बसल्यावर हाच हात घालायला अर्धा दिवस जातो.

पाण्याकडे वळू. रोटरीत एका बाजूला नेहमी स्फोट आणि दुसऱ्या बाजूला नेहमी थंड हवा, त्यामुळे हाउसिंग एकीकडे तापते, दुसरीकडे गार राहते आणि जास्त गरम झाली की पाण्याची सीले दबतात. एकदा चांगले तापलेले इंजिन बाहेरून ठीक दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा आपल्याकडचा नेहमीचा इलाज इथे उलटतो. या थर्मोस्टॅटच्या खालची चकती उघडताना बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरते. ८२ अंशांचा मूळ थर्मोस्टॅट, पूर्ण रेडिएटर, फाटका नसलेला पंख्याचा घेर आणि रेडिएटरच्या कडेने हवा निसटू नये म्हणून फोम, इतके स्वस्तात होते. गाडीच्या मूळ तापमान-काट्यावर विसंबू नये. विशेषतः एफडीचा काटा बराच वेळ मध्यावर ठाम राहतो आणि मग एकदम वर जातो. स्वतंत्र मीटर लावावा आणि पाणी १०५ अंशांवर गेले की पाय काढावा. ऑइल कूलर काढून जागा मोकळी करणे म्हणजे इंजिनाच्या शीतयंत्रणेचा मोठा भाग फेकणे आहे. इथे तेल फक्त वंगण नाही. रोटर आतून तेलानेच थंड होतात.

पेट्रोलचा हिशेब कागदावर करता येतो आणि तो केल्याशिवाय बूस्ट वाढवू नये. टर्बो रोटरीला एका अश्वशक्तीसाठी दर मिनिटाला साधारण ७ सीसी पेट्रोल लागते. एफसी टर्बोत ५५० सीसीचे चार इंजेक्टर असतात, म्हणजे २२००. ते ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे ठेवू नयेत, म्हणून उपयोगाचे १८७० सीसी. भागिले ७ केले की सुमारे २६५ अश्वशक्ती, तीही इंजिनावर, चाकांवर नव्हे. याच्या पुढे जायचे असेल तर दुसरी जोडी १००० सीसीची घ्यावी; मग हाच हिशेब पावणेचारशेच्या आसपास येतो. स्वस्तातल्या बदलाला एवढे पुष्कळ आहे. जुने इंजेक्टर वापरायचे असतील तर चारही धुऊन, प्रवाह मोजून घ्यावेत. एक इंजेक्टर दहा टक्के कमी देत असेल तर एक रोटर कोरडा चालतो, आणि सायलेन्सरमधला सेन्सर दोन्ही रोटरांची सरासरी दाखवून सगळे ठीक आहे असे सांगतो. मल्टिमीटरने इंजेक्टरचा रोध पाहावा: २-३ ओहम असेल तर रेझिस्टर पॅक लागतो, १२-१४ असेल तर नाही. हे न बघता जोडले तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. तासाला २५५ लिटरचा पंप घेतला तरी त्याला जुन्या बारीक वायरीतून वीज दिली तर उपयोग नाही; बॅटरीपासून रिले आणि जाड वायर टाकावी आणि इंजिन चालू असताना पंपापाशी १३ व्होल्टच्या वर आहे का ते पाहावे.

मोकळा सायलेन्सर हा इथला खरा सापळा आहे. एफसीच्या टर्बोतली मूळ वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला चुकवून सोडणारी झडप) लहान आहे. मागचा अडथळा काढला की ती वायू पुरेसा वळवू शकत नाही आणि बूस्ट आपोआप चढत जातो. मालकाने काही न करता ०.५ बारचा ०.९ बार होतो. मूळ ईसीयू अशा वेळी पेट्रोल तोडतो आणि गाडी दणका देऊन थांबते. तो दणका चुकवायला काहीजण ईसीयूला बूस्टचा खोटा आकडा सांगणारी डबी लावतात. बूस्ट चढतो आहे, पेट्रोल तेवढेच, आणि रक्षण करणारा एकमेव पहारेकरी झोपवलेला. सायलेन्सर बदलायचा तर वेस्टगेटचे भोक आधी घासून मोठे करून घ्यावे. लेथवाल्याकडे थोड्या वेळाचे काम आहे.

ठिणगीबद्दल. प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग (आधी पेटणारा), वरचा ट्रेलिंग (नंतरचा). कंपनी लीडिंगला एनजीके बीयूआर७ईक्यू आणि ट्रेलिंगला बीयूआर९ईक्यू देते. बूस्ट वाढवणाऱ्याने चारही जागी ९ क्रमांकाचे, म्हणजे जास्त थंड प्रकारचे, लावावेत. लीडिंगच्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी चालते, कारण ती कॉइल दोन्ही प्लगांना एकाच वेळी ठिणगी देते. ट्रेलिंगच्या वायरी मात्र पुढची पुढे, मागची मागेच हव्यात. उलटल्या तर ठिणगी भलत्याच वेळी पडते.

ईसीयूसाठी मेगास्क्वर्ट हा स्वस्त मार्ग आहे आणि त्यात रोटरीच्या लीडिंग-ट्रेलिंगची सोय आहे. हॅलटेक, किंवा क्राइस्टचर्चच्या लिंक कंपनीचा जुना वापरलेला ईसीयूही चालतो. कोणताही घ्या, त्याबरोबर हवा-पेट्रोल प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घ्यायलाच हवा. पैसे कमी पडत असतील तर इंटरकूलर जुना चालेल, पण हा सेन्सर टाळू नये. पहिले काम टायमिंग जुळवण्याचे. ईसीयूत टायमिंग टीडीसीनंतर (खोली सर्वांत लहान होते त्या क्षणानंतर) ५ अंशांवर कुलूपबंद करायचे आणि टायमिंग लाइटने पुलीवरची पिवळी खूण सुईसमोर येते का पाहायचे. लाल खूण २० अंशांची, ट्रेलिंगसाठी. संगणकाचा आकडा आणि पुली यांत दहा अंशांचा फरक राहिला तर पुढचे सगळे ट्यूनिंग खोटे ठरते.

नंतर वेस्टगेटच्या मूळ स्प्रिंगवरच, ०.५ बारच्या आसपास, नकाशा (किती पेट्रोल आणि ठिणगी कधी, याचा ईसीयूतला तक्ता) भरायचा. निवांत चालताना हवा-पेट्रोल प्रमाण (एक भाग पेट्रोलला हवेचे भाग) आयडलला १३ च्या जवळ, सरळ रस्त्यावर १४ ते १४.७. शून्य बूस्टला येईपर्यंत १२, ०.५ बारला ११.३, ०.८ बारला ११ किंवा त्याहून किंचित खाली. पिस्टन इंजिन ट्यून करणाऱ्याला हे आकडे फार ओले, म्हणजे जास्त पेट्रोलचे, वाटतात. ते जादा पेट्रोल जाळण्यासाठी कमी आणि खोली थंड ठेवण्यासाठी जास्त आहे. पूर्ण बूस्टवर लीडिंग टीडीसीच्या आधी १२ ते १५ अंशांच्या पुढे नेऊ नये आणि ट्रेलिंग त्याच्या १२ ते १५ अंश मागे ठेवावे. दोन-तीन अंशांनी टायमिंग पुढे नेऊन मिळणारी ताकद थोडी, जोखीम मोठी. इंटरकूलरनंतरची हवा ५० अंशांवर गेली की टायमिंग आपोआप मागे येईल अशी नोंद भरावी. उन्हात सिग्नलला थांबल्यावर बॉनेटखालचा इंटरकूलर तापतो आणि हिरवा दिवा लागताच पूर्ण थ्रॉटल दिले की घात होतो. दुसरी इंजेक्टर जोडी सुरू होते ती जागा नीट पाहावी. साडेतीन ते चार हजार आरपीएमच्या आसपास तिथे क्षणभर पेट्रोल कमी पडते आणि गाडी अडखळते. तो अडखळा अर्थिंगच्या गंजलेल्या टोकांमुळेही येतो, म्हणून नकाशा बदलण्याआधी इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून कसाव्यात. खोललेल्या इंजिनाला निदान १,५०० किलोमीटर बूस्टशिवाय चालवल्यावरच हे सगळे करावे.

तेलाबद्दल एक सूचना. या इंजिनात सीलांना तेल देण्यासाठी मीटरिंग पंप असतो. सीरिज ५ चा विजेवरचा पंप बऱ्याच बाहेरच्या ईसीयूंना चालवता येत नाही, म्हणून तो काढून टाकतात आणि नंतर पेट्रोलमध्ये तेल घालायचे विसरतात. पंप काढला तर १:१०० या प्रमाणात टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमध्ये मिसळावे, म्हणजे ४० लिटरला ४०० मिलिलिटर. पंप चालू असेल तरी १:२०० घालणे फायद्याचेच. तेल आधी टाकीत ओतावे आणि वरून पेट्रोल भरावे, म्हणजे नीट मिसळते.

राहिला कायदा. न्यूझीलंडमध्ये असा इंजिन-बदल केल्यावर लो व्हॉल्यूम व्हेइकल प्रमाणपत्र लागते, ऑस्ट्रेलियात राज्यानुसार मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला. काम सुरू करण्याआधी त्या माणसाला विचारावे; ब्रेक अपुरे म्हणून त्याने नकार दिला तर सगळा पैसा अडकतो. पुण्या-मुंबईत हे करू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याकडे हे इंजिन फार तर बंद ट्रॅकवरच शोभेल.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा बूस्टच्या आकड्याशेजारी कॉम्प्रेशनचा, इंजेक्टरच्या क्षमतेचा आणि हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडाही छापावा, ही विनंती.

आपला,
मोटार दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक,
ऑकलंड, न्यूझीलंड